न वाजलेली शिट्टी

मित्रांनो, मी एक जुना कुकर आहे. पाच लिटरचा, ॲल्युमिनियमचा, एका कानाला जरा भाजलेला. आणि आधीच कबूल करून टाकतो, मी भित्रा आहे. तुम्ही म्हणाल, जो रोज आगीवर बसतो त्याला कसली आली भीती? पण मला आगीची भीती नाही. तिची माझी ओळख जन्मापासूनची आहे. मला भीती वाटते ती माझ्या स्वतःच्या पोटाची. त्यात कोंडलेल्या वाफेला किती ताकद असते, हे माझ्याइतके कोणालाच ठाऊक नाही.

ही भीती माझ्या मनात कारखान्यातच बसली. पत्र्याच्या एका गोल चकतीला यंत्राने दाबून माझा आकार केला, घासून पुसून लख्ख केले आणि आम्हा शंभर भावंडांना एका रांगेत मांडले. तिथे तपासणी करणाऱ्या एक बाई होत्या. शंभरातला एक कुकर त्या मुद्दाम फोडून पाहत. त्या दिवशी माझ्या शेजारच्याची पाळी आली. लोखंडी जाळीच्या आत त्याला आगीवर ठेवले आणि त्याच्या वाफेच्या सगळ्या वाटा बंद केल्या. थोड्या वेळाने जो आवाज झाला, तो मला अजून आठवतो. त्याचे झाकण जाळीच्या छताला असे आदळले, की तिथे वाटीएवढा खड्डा पडला. बाईंनी वहीत काहीतरी लिहिले आणि आम्हा बाकीच्यांना खोक्यांत भरले. मी खोक्यात शिरलो तो थरथरतच.

पुढे एका आईने मला आपल्या लेकीच्या लग्नात भेट दिले. ती लेक म्हणजे माझ्या घरची वहिनी. सगळी इमारत तिला वहिनीच म्हणते, म्हणून मीही म्हणतो. तिचा नवरा लिफ्टची दुरुस्ती करतो. त्याला सगळे दादा म्हणतात. चौथ्या मजल्यावर दोन खोल्या, एक चिंचोळी गॅलरी, आणि काही वर्षांनी त्यात एक मुलगी. ती सारखी काहीतरी कुरतडत असते, म्हणून तिचे नाव पडले खारू. ती आता तिसरीत आहे, आणि तिच्या एकाही पेन्सिलीचे टोक धड नाही.

पहिली काही वर्षे मजेत गेली. मग दादांच्या कंपनीने जादा कामाचे तास बंद केले आणि पगार चांगलाच खाली आला. त्या रविवारी नवरा-बायको समोरासमोर बसली आणि कुठे कुठे हात आखडता येईल, याचा विचार करू लागली. दादांचा पहिला प्रस्ताव होता, बायकोने चहात साखर कमी घ्यावी. वहिनी म्हणाली, "आधी तुम्ही दिवसाचे चार चहा दोनवर आणा, मग माझ्या साखरेकडे बघा." एवढ्यावर तो विषय मिटला आणि खरी काटकसर सुरू झाली.

मित्रांनो, इथे मला थोडी फुशारकी मारू द्या, कारण त्या काटकसरीत सर्वांत मोठा वाटा माझा होता. वहिनी कडधान्ये आदल्या दिवशी भिजत घालू लागली. भिजलेला दाणा निम्म्या वेळात शिजतो. ती माझ्या पोटात तीन डबे एकावर एक ठेवी, खाली बटाटे, मध्ये तांदूळ, वर भाजी, म्हणजे एकाच आचेवर तीन कामे. पहिली शिट्टी झाली की आच बारीक करी, आणि शेवटच्या शिट्टीनंतर मला लगेच उघडत नसे. उरलेली वाफ बाकीचे शिजवण्याचे काम फुकटात करून टाकी. गॅसचा सिलिंडर पूर्वीपेक्षा बारा दिवस जास्त पुरू लागला. वहिनी माझ्या झाकणावर थोपटून म्हणायची, "हा आपल्या घरातला दुसरा कमावता माणूस."

माझ्याखेरीजही पुष्कळ काही चालले होते. बाजारात जाताना यादी न्यायची, आणि यादीबाहेरची वस्तू दिसली की डोळे मिटून पुढे जायचे. कपडे धुतलेल्या पाण्याने फरशी पुसायची. वहिनीने एका शिवणाऱ्या बाईंकडून शर्टांना बटणे लावायचे काम घरी आणले. आणि संध्याकाळी घरात एकच दिवा लावायचा, स्वयंपाकघरातला. त्यामुळे खारूचा अभ्यासही तिथेच, ओट्याच्या कडेला, स्टुलावर बसून चाले. तिची वही माझ्यापासून हातभर अंतरावर असे. तेव्हा मला त्यात काहीच वावगे वाटले नाही. उलट तिचे पाढे ऐकत शिजायला मला आवडायचे.

माझी रबरी रिंग मात्र म्हातारी झाली होती. झाकणाच्या कडेने वाफ फुसफुसत बाहेर पडे. वहिनी रिंग बर्फाच्या पाण्यात बुडवून घट्ट करी आणि आणखी आठवडाभर चालवी. शेवटी ती मला रस्त्याच्या कोपऱ्यावरच्या दुरुस्तीवाल्या काकांकडे घेऊन गेली. काकांनी मला उलटसुलट करून पाहिले. झाकणावरची शिट्टीची नळी फुंकून पाहिली आणि शेजारचा सेफ्टी वॉल्व्ह बोटाने चाचपला. मित्रांनो, हा वॉल्व्ह म्हणजे माझा जीव वाचवणारा आणि तुमचाही. नळी बंद पडली किंवा तळाचे पाणी संपले, तर तो स्वतः वितळतो, उडतो आणि कोंडलेल्या वाफेला वाट करून देतो.

काका म्हणाले, "वहिनी, बाकी कशातही हात आखडा. पण रिंग आणि वॉल्व्ह या दोन गोष्टींत काटकसर नको."

वहिनीने नवीन रिंग घेतली. पण काकांचे बोलणे घरी पोहोचेपर्यंत अर्धे विरले.

त्यानंतर महिन्याभरातच वहिनी पाणी घालायला विसरली. तळ कोरडा पडला, मी तापत गेलो, आणि माझ्या वॉल्व्हने आपले कर्तव्य केले. फाट्‌ असा आवाज झाला, वाफेचा फवारा छतापर्यंत गेला आणि खारू टाळ्या पिटत नाचली. कोणाला ओरखडाही आला नाही. खरे तर त्या दिवशी माझे कौतुक व्हायला हवे होते. पण वहिनी छताचे डाग पाहून चिडली, आणि दादा म्हणाले, "नवीन वॉल्व्ह कशाला? माझ्या पेटीत हवे तेवढे स्क्रू आहेत."

त्यांनी लिफ्टच्या सामानातला एक जाड स्क्रू काढला. त्याला दोन चकत्या लावून तो वॉल्व्हच्या भोकात बसवला आणि आतून नट आवळला. हात खरोखर कसबी होता. मग झाकण वहिनीसमोर धरून म्हणाले, "बघ. आता आयुष्यात पुन्हा उडणार नाही."

"माझा इंजिनियर!" वहिनी हसली.

दादा बोलले ते अगदी खरे होते. तो स्क्रू कधीच उडणार नव्हता. जाळीतल्या माझ्या भावाच्या वाटा अशाच बंद केल्या होत्या, आणि इथे तर जाळीही नव्हती. हातभर अंतरावर एक मुलगी सातचा पाढा म्हणत होती.

तेव्हापासून मी रोज भीतभीतच शेगडीवर चढे. आता माझ्याकडे एकच वाट उरली होती, शिट्टीची नळी. गव्हाच्या काडीएवढी बारीक. शिट्टी झाली की माझा जीव भांड्यात पडे, आणि दुसरी शिट्टी होईपर्यंत पुन्हा उडून जाई. मला बोलता येत नाही. येते ती फक्त शिट्टी, आणि तिचा अर्थ घरात एकच होता, जेवण तयार होत आले.

वहिनीची शिट्ट्या मोजण्याची एक पद्धत होती. बटणे लावायला बसली की जितक्या शिट्ट्या हव्यात तितकी बटणे ती मांडीवर ठेवी. एक शिट्टी झाली की एक बटण डबीत. मांडी रिकामी झाली की गॅस बंद. घड्याळाकडे बघावे लागत नसे आणि हातातले कामही थांबत नसे.

त्या संध्याकाळी तिने हरभरे लावले. गॅस वाचावा म्हणून दोन दिवसांचे एकदम, डब्यात नव्हे तर थेट माझ्या पोटात, काठोकाठ. निम्म्यापेक्षा जास्त भरू नये हे तिला ठाऊक होते. पण काटकसरीची एकदा सवय लागली की माणूस कुठे थांबायचे ते विसरतो. मांडीवर चार बटणे ठेवून ती बाहेरच्या खोलीत खिडकीपाशी बसली, कारण तिथे अजून थोडा उजेड होता. खारू स्टुलावर चढून बेरजा करू लागली.

पाणी उकळले, फेस वर आला आणि फेसाबरोबर हरभऱ्याची सालेही आली. त्यातले एक साल नळीत शिरले आणि तिथेच बसले.

शिट्टी जराशी हलली आणि गप्प झाली.

मी धक्के देऊन पाहिले. साल हलेना. मी स्क्रूकडे जोर लावला. दादांचे काम पक्के होते. माझ्या कडा ताणल्या जाऊ लागल्या, कान कुरकुरले, आणि खाली आच तशीच भडकलेली, कारण ती पहिल्या शिट्टीनंतर बारीक व्हायची होती. मला कारखान्यातल्या छताचा तो खड्डा दिसू लागला. आणि त्याच्या जागी, मित्रांनो, मला खारूचा चेहरा दिसू लागला. तिने पेन्सिल चावता चावता माझ्याकडे पाहिले.

"आई, आज कुकर किती शांत आहे गं!"

"बरं आहे ना," बाहेरच्या खोलीतून वहिनीचा आवाज आला, "तुझ्या बेरजा तरी नीट होतील."

मी ओरडत होतो. पण माझे ओरडणे ज्या वाटेने बाहेर पडते, तीच बंद होती. खारू पान उलटायला आणखी पुढे वाकली. तिची वेणी माझ्या कानाला लागली.

बाहेर वहिनीने एक शर्ट पुरा केला, दुसरा पुरा केला. तिसऱ्यासाठी दोरा घ्यायला तिने हात खाली नेला आणि तो मांडीवरच्या बटणांवर पडला. चारही बटणे जागच्या जागी होती.

ती दारात आली तेव्हा तिच्या तोंडचे पाणी पळाले होते, पण आवाज तिने चढू दिला नाही. किंचाळली असती तर खारू दचकून माझ्यावरच धडपडली असती.

"खारू, पेन्सिल ठेव आणि माझ्याकडे ये."

"एवढी एक बेरीज..."

"राहू दे. हळू उतर. ये."

स्टूल करकरले. एक पाय खाली आला, मग दुसरा. वहिनीने तिचा दंड धरून तिला बाहेर ओढले. माझ्याजवळ येऊन शेगडीचे बटण फिरवायचे धाडस तिने केले नाही, आणि तेच शहाणपणाचे ठरले. तशीच ती बाहेरच्या खोलीतून गॅलरीत गेली आणि तिथल्या सिलिंडरवरून गॅस बंद केला. आच विझली. मग घराचे दार ओढून घेऊन दोघी जिन्यात जाऊन बसल्या.

दादा कामावरून आले, तेव्हा मायलेकी पायरीवर. माझी शेगडी दारापासून चार पावलांवर, त्यामुळे मला सगळे ऐकू येत होते.

"बाहेर का बसलात? किल्ली हरवली का?"

"कुकरची शिट्टी होत नाही. गच्च भरलाय, गॅस बंद केलाय."

"मग एवढं काय? वॉल्व्ह..." असे म्हणता म्हणता दादा थांबले. मग वहिनी म्हणाली, "अहो, लिफ्टचा ब्रेक सुटला असता, तर तिथं तुम्ही असाच स्क्रू मारला असता का?"

दुसऱ्यांच्या लिफ्टची दोरी इंच इंच तपासणारा तो माणूस. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. तेही खाली पायरीवर बसले आणि त्यांनी खारूला मांडीवर घेतले.

मी थंड व्हायला दीड तास लागला. मला कोणी पाणी मारले नाही की हलवले नाही, म्हणून आज ही गोष्ट सांगायला उरलो. दादा एकटे आत आले. त्यांनी झाकण उघडले आणि नळीत सुई घातली. एक साल बाहेर आले, खारूच्या नखाएवढे. ते तळहातावर घेऊन दादा वहिनीला दाखवायला जिन्याकडे गेले.

दुसऱ्या दिवशी दुरुस्तीवाल्या काकांनी स्क्रू काढून नवा वॉल्व्ह बसवला. त्याची किंमत खारूच्या दोन वह्यांएवढी होती. काढलेला स्क्रू त्यांनी दादांसमोर ठेवला. दादांनी तो आपल्या कामाच्या पेटीत, झाकणाला आतून चिकटवला आहे. पेटी उघडली की आधी तो दिसतो.

काटकसर अजून चालू आहे, बरे का. कडधान्ये भिजतात, डबे एकावर एक बसतात, सिलिंडर बारा दिवस जास्त पुरतो. पण मला निम्म्यापेक्षा जास्त भरत नाहीत, आणि खारूचा अभ्यास आता बाहेरच्या खोलीत होतो. तिथे दुसरा दिवा लागतो. विजेचे बिल जरासे वाढले आहे. वहिनी म्हणते, "वाढू दे. दात कोरून पोट भरत नाही."

आणि रोज मला आगीवर चढवण्याआधी खारू माझे झाकण खिडकीशी धरते आणि नळीला डोळा लावते.

"उजेड दिसतो का?" दादा विचारतात.

"दिसतो."

मगच काडी पेटते. गेल्या मंगळवारी मात्र ती म्हणाली, "बाबा, नाही दिसत." सगळे घर जागच्या जागी थांबले. दादांनी सुई आणली, नळी साफ केली आणि झाकण पुन्हा तिच्या हातात दिले. तिने डोळा लावला. मी तिच्या उत्तराची वाट पाहत होतो.

"आता दिसतो," ती म्हणाली.

मित्रांनो, माझी भीती अजून गेलेली नाही. ती जाऊही नये. तुमच्याही ओट्यावर माझा एखादा भाऊ असेल. त्याला बोलता येत नाही. आज त्याचे झाकण थंड असताना घरातल्या मोठ्या माणसाला म्हणा, एकदा हे उजेडासमोर धरू या. उजेड दिसला, तर खुशाल जेवायला बसा. नाही दिसला, तर काडी पेटू देऊ नका.