शेवटच्या पायरीवरची सावली

पौषातलं ऊन. केशरकोवळं, हुरडागंधी ऊन. दुपार कलली की मधासारखं दाटणारं, मधासारखंच सावकाश ओघळणारं ऊन.

मंगळवेढ्याच्या काळ्याशार रानांवर ज्वारीची मोतीकणसं डोलत होती. आणि त्या मोत्यांवर, कुणी आभाळाची गुलाबी ओढणी झटकावी तसे, भोरड्यांचे थवे उतरत होते, उठत होते, पुन्हा उतरत होते. हजार पंखांचा एकच पंख. हजार कंठांचा एकच कल्लोळ.

भोरडी कधी एकटी नसते. एकटी दिसली तर ती वाट चुकलेली, हे तिथलं शेंबडं पोरसुद्धा सांगेल.

आणि एस.टी. कॉलनीच्या गच्चीवर, सिमेंटच्या त्या करड्या, कोरड्या आभाळात, रेवती नेमकी एकटीच भोरडी काढत होती.

रांगोळीची भोरडी! पोट गुलाबी, पंख काजळकाळे, डोक्यावर उद्धट अशी इवली शेंडी. चिमटीतून रंग झरायचा, झरझर झरायचा, आणि जमिनीवर जीव उमटायचा. डिश अँटेनाच्या वाकलेल्या पाइपाला बांधलेला मोबाइल वरून टक लावून बघायचा. एक फोटो. मग ब्रशनं पंख पुसायचा, बोटभर वर काढायचा. पुन्हा फोटो. पुन्हा पुसायचं, पुन्हा काढायचं. काढलेलं मोडल्याशिवाय काही उडतच नाही, हा त्या खेळाचा निष्ठुर नियम. अख्खी दुपार अशी वेचावी, तेव्हा कुठं भोरडीनं दोन क्षण पंख हलवावेत.

पण ते दोन क्षण! अहाहा, त्या दोन क्षणांसाठी रेवतीनं दोन जन्म दिले असते.

हे वेड लावलं चित्रकलेच्या पाटोळे सरांनी. नव्या शाळेत, पडदे ओढून, त्यांनी वर्गाला कुठल्याशा दूरदेशीची एक फिल्म दाखवली होती. तिच्यात गोष्ट नव्हती, माणसं नव्हती. नुसत्या रेघा नाचत होत्या, ठिपके फुलत होते, फुटत होते, विझत होते. "सर, गाणं कधी येणार?" मागच्या बाकावरून कुणीतरी ओरडलं, आणि वर्ग खदखदला. सर हसले. म्हणाले, "दोन चित्रांच्या मधे जे कुणीच काढलेलं नसतं ना, तेच हलतं, बाळांनो."

वर्ग विसरला. रेवती विसरली नाही. दोन चित्रांच्या मधली ती जागा तिच्या ओळखीची होती. ती तिथंच तर राहत होती.

मागचं गाव मागं राहिलं, बाबा होते तेव्हाची त्यांची भरलेली खुर्ची त्याच्याही मागं राहिली. आईची बदली झाली, आणि आईच्या ट्रंकेसोबत, आईच्या खाकी गणवेशासोबत रेवतीही इथं आली. शालन, तिची आई, एस.टी.त कंडक्टर. दिवसभर अनोळखी माणसांत उभी. लेक दिवसभर अनोळखी भिंतींत बसलेली. गळ्यात कुलपाची किल्ली, बाकावर शेजारची जागा मोकळी, आणि मधल्या सुट्टीत डबा उघडण्याचा आवाज फार मोठा.

म्हणून तर एकटी भोरडी. ती या कठड्यापासून त्या कठड्यापर्यंत उडणार होती. सगळी गच्ची ओलांडणार होती. आणि कुणीतरी, एकदा तरी, ती उडताना बघणार होतं. एवढंच. एवढंच हवं होतं रेवतीला.

पण पहिल्याच संध्याकाळी घात झाला.

रेवती खाली पाणी प्यायला गेली, आणि शालन पापड वाळवायला जागा बघत वर आली. तिला दिसला रंगांचा पसारा. तिनं पदर खोचला, केरसुणी घेतली, आणि गच्ची लख्ख केली. एका दुपारचं आभाळ सुपलीत गोळा झालं.

"आई! काय केलंस हे!"

"काय केलं? पोरांनी घाण केली ती झाडली. चांगलंच केलं की."

"ते माझं होतं! माझं काम होतं ते! तू वर येऊच नकोस. पाऊलसुद्धा ठेवू नकोस माझ्या गच्चीवर!"

शालननं सुपलीकडं पाहिलं. गुलाबी, काळं, पांढरं, सगळं मिसळून राखेच्या रंगाचं झालं होतं.

"बरं बाई," ती हळू म्हणाली. "नाही ठेवत."

शब्द चारच, पण नंतर ते घरात सांडून राहिले, कुणीच न झाडलेले. सोलापूरची फेरी संपली की सांगोल्याची गाडी लागेपर्यंत शालन तेवढी घरी यायची. रेवतीला दिसायची फक्त नंतरची खूण: ओट्यावर झाकलेली ताटली, ताटलीत भाकरी, भाकरीवर शेंगदाण्याची चटणी. ऊब असायची, माणूस नसायचं.

रेवती काढत राहिली. पुसत राहिली. मान खाली, श्वास रोखलेला, डोळे एका पंखाच्या टोकाला शिवलेले. गच्चीच्या कडेला शेजारणींच्या साड्या वाळायच्या, त्यांच्या सावल्या चित्राच्या कोपऱ्यात लवलव करायच्या. तिनं कधी तिकडं लक्ष दिलं नाही. जो पंख मोजतो त्याला सावल्या कुठून दिसाव्या?

मग एका तांबूस तिन्हीसांजेला, सगळे फोटो एकामागं एक ओवून, जिन्याच्या मधल्या पायरीवर बसून, तिनं फिल्म लावली.

भोरडी हलली. अडखळली. लंगडली. उडाली! करड्या सिमेंटवरून, चिरांच्या नद्या ओलांडत, एकटी, एवढीशी, उडाली. रेवतीच्या तोंडून चीत्कार निघाला, आणि तो ऐकायला कुणी नव्हतं, म्हणून तो जिन्यातच विरला.

आणि तेव्हा तिला ते दिसलं.

कोपऱ्यात, साड्यांच्या लवलवत्या सावल्यांत, एक न लवलवणारी सावली. लांबट. निश्चल. मानेवर अंबाडा, कमरेला लोंबणारी कातडी पिशवी. आली, थांबली, गेली. पुन्हा आली, थांबली, गेली. जिन्याच्या शेवटच्या पायरीवर, मावळतीचं ऊन पाठीशी घेऊन, रोज कुणीतरी उभं राहिलं होतं. रोजची ती सावली फिल्मच्या त्या दोन-चार श्वासांत एकीला एक लागून आली होती: आहे, नाही, आहे, नाही, आहे. जसा पंख उघडावा, मिटावा, उघडावा.

चौकटीत दोन पक्षी होते. एक रेवतीनं काढलेला. एक कुणीच न काढलेला.

दुसऱ्या दिवशी तिनं भोरडीची दिशा बदलली. समोरच्या कठड्याकडं निघालेली चोच वळली, कोपऱ्याकडं वळली. फिल्ममधली ती सावली आठवून, पांढऱ्या रांगोळीनं, तिनं जमिनीवर एक बाह्यरेषा काढली: अंबाडा, खांदा, पिशवी. आत काहीच नाही. आणि मग, पहिल्यांदाच, पंखाकडं न बघता ती जिन्याकडं बघत बसली.

शालन आली. शेवटच्या पायरीवर थबकली. लेकीचे डोळे आपल्यावर आहेत हे पाहून चोरी पकडल्यासारखी गांगरली.

"पाय नाही ठेवला हं मी. पायरीवरच हाय."

"सावली ठेवलीस की रोज."

"सावलीचं काय बाई! ती कुणाचं ऐकतीय?"

रेवती हसली, जेमतेम.

"आई, जरा डावीकडं सरक."

संक्रांत सरली होती. तिळातिळानं दिवस वाढला होता, तिळातिळानं ऊन ढळलं होतं. कालच्या सावलीच्या रेषेत आजची सावली मावेना. शालन सरकली. वाकली. ताठ झाली. पुन्हा सरकली. आणि मग सावळा रंग त्या पांढऱ्या रेषेत काठोकाठ भरला.

"हां! आता हलू नकोस."

"अगं, किती वेळ? गाडी सुटंल माझी."

"एक पंखभर."

शालन उभी राहिली. खच्चून भरलेल्या गाडीत, वळणावळणावर, तोल सावरत उभी राहणारी ती बाई, लेकीच्या एका पंखासाठी श्वास धरून उभी राहिली. फोटो. पुसणं. काढणं. फोटो. भोरडी बोटभर जवळ आली, अजून बोटभर, आणि सावलीच्या खांद्यावर टेकली.

"ये ना आत," रेवती म्हणाली.

"पाय ठेवू?"

"ठेव."

शालननं चपला काढल्या, देवळात काढतात तशा. सांडलेल्या गुलाबी रांगोळीतून अनवाणी आली, लेकीनं पाइपावरून सोडून घेतलेल्या मोबाइलवर वाकली.

"लंगडती गं ही!"

"पहिल्यांदाच उडतीय ती!"

"मग लंगडू दे," शालन म्हणाली. लेकीच्या गालावर तिनं खरबरीत बोट फिरवलं, आणि चपला हातात घेऊनच ती जिना उतरली. घाईघाईनं उतरली.

गच्ची पुन्हा मोकळी झाली. पांढरी रेषा पुन्हा रिकामी झाली. दूर रानावर भोरड्यांचा गुलाबी थवा उठला, वळला, विझला.

रेवती जिन्याशी आली. आणि पाहत राहिली.

लक्ष्मीची पावलं घरात येणारी असतात. ही बाहेर जाणारी होती. प्रत्येक पायरीवर एक गुलाबी पाऊल. आधीच्याहून थोडं पुढं, आधीच्याहून थोडं फिकट. पायरीपायरीनं उतरणारं, पायरीपायरीनं विरणारं, चित्रामागून चित्र, चित्रामागून चित्र. मग नुसती टाच. मग नुसता कण. मग रस्ता, मग धूळ, मग धुळीपलीकडं काळ्या रानातून दूर दूर जाणारा एक लाल ठिपका. आणि त्या ठिपक्यात, तोल सावरत, कुणा अनोळख्याला तिकीट देत उभी असलेली, गुलाबी तळव्यांची एक बाई.