फ्रीमाँटच्या उन्हातली बरणी

दचकू नका, मी बरणी बोलतेय. खरं तर दचकायची सवय माझी. कुणी जिना जोरात उतरलं तरी माझं झाकण खडखडतं. चिनी मातीची जात. एकदा तडा गेला की संपलं.

गुजरातेतल्या एका भट्टीतून मी पुण्याला आले. तिथे सुमित्राच्या आईने टिचकी मारून, आवाज ऐकून मला निवडलं. सुमित्रा लग्न होऊन अमेरिकेला निघाली तेव्हा दोन साड्यांत गुंडाळलेली मी विमानात तिच्या मांडीवर होते. वर्षाचं लोणचं घालायचा बेत होता. पण कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटला कैऱ्याच मिळेनात. मग माझ्यात वर्तमानपत्रातून कापलेली कूपनं पडू लागली, साबणाची नि ब्रेडची. चार वर्षं मी कागद सांभाळले. रिकामं बसूनही दमायला होतं, हे मला तेव्हा कळलं.

१९८४च्या जूनमध्ये शेजारच्या हानमावशी मला मागायला आल्या. ‘मावशी’ हे सुमित्राने जोडलेलं. त्या व्हिएतनामहून बोटीने आलेल्या. इथे कॉम्प्युटरच्या चिपच्या कारखान्यात पाळीने काम करायच्या. मुलगा तुआन मागे राहिला होता. आता तो फिलिपिन्समधल्या निर्वासितांच्या कॅम्पात पोचला होता आणि वर्षभरात इकडे येणार होता. मासे मिठात मुरवून वर्षभर उन्हात ठेवले की तांबूस पाणी सुटतं, त्याशिवाय त्यांचं जेवण होत नाही. दुकानात त्याची बाटली मिळायची, पण पहिल्या दिवशी तुआनच्या भातावर आपल्या हातचंच पडावं, एवढंच मावशींना हवं होतं.

सुमित्राचं घर शाकाहारी. ती हो म्हणून बसली आणि मग दिवसभर घाबरत राहिली. तिचा नवरा गुरुदत्त संध्याकाळी म्हणाला, “यार सुमित्रा, लोणच्याची बरणी आहे ती. परत आली तर मी घरात घेणार नाही.”

“परत आणतंय कोण,” ती म्हणाली, आणि स्वतःच दचकली.

अँचोव्ही म्हणजे आपल्या मांदेलीच्या भावकीतली बोटभर मासळी. इथले लोक ती खातात कमी, गळाला लावतात जास्त. मावशींनी ती आमिषाच्या दुकानातूनच आणली. तीन मापं मासे, एक माप मीठ, थरावर थर, वर बांबूच्या कामट्या आणि दगड. तोंडाला फडक्याचा दादरा. वास सोडला तर मला सगळं ओळखीचं होतं.

मी मावशींच्या मागच्या अंगणात असायचे. त्या पाळीवर गेल्या की मला उन्हात उघडायचं आणि दव पडायच्या आत झाकायचं काम सुमित्राकडे आलं. नाकाला ओढणी लावून यायची, पण एक दिवस चुकली नाही.

अकराव्या महिन्यात पत्र आलं, तुआन तीन आठवड्यांत येतोय. त्याच आठवड्यात तिने दादरा सोडला तर वर पांढरी साय. मावशी कारखान्यात, तिथे फोन करून सांगायचं तरी काय? लोणच्यावर बुरशी दिसली की आपली आई काय करायची, तेवढं एकच तिला ठाऊक होतं. तिने तेल तापवलं, त्यात मोहरी, हिंग, हळद घातली, फोडणी पूर्ण गार केली आणि माझ्यात ओतली.

मग मावशींच्या पायरीवर बसून राहिली. मावशी आल्या तेव्हा तिने रडत सगळं सांगितलं. साय येतेच, ती काढून टाकायची असते, एवढंच मावशी बोलल्या. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या पळीने तेल काढत बसल्या, मग कागदाने टिपत. तेल निघालं. हिंग निघाला नाही.

तुआन आला. हाडं नुसती. मावशींनी सुमित्रालाही बोलावलं होतं. ती दारातच उभी राहिली. तुआनने भातावर ते पाणी घेतलं, चाखलं, थांबला, आईला काही म्हणाला. मावशींनी सुमित्रापासून ते लपवलं नाही.

“म्हणतो, हे आपलं नाही.”

मग त्यांनी त्याच्या भातावर आणखी एक चमचा घातला. “इथलं आहे. खा.”

त्याने दोनदा भात घेतला. आवडलं का, मला सांगता येणार नाही. भुकेला होता.

आता १९८७ चालू आहे. तुआन कामाला जातो, येताना दुकानातली बाटली आणतो. मी रिकामी होऊन सुमित्राकडे परतले, पण तिच्या मागच्या पायरीशीच असते. गुरुदत्तने शब्द पाळला. तिने मला सोड्याने, लिंबाने, उकळत्या पाण्याने घासलंय. आईने पत्रातून विचारलं, बरणी नीट आहे ना? तिने लिहिलं, नीट आहे, लोणचं मुरतंय.

मी रिकामी आहे. पण झाकण उघडलं की मासळी आणि हिंग दोन्हींचा वास अजून येतो, आणि ती कधीकधी नाकाला ओढणी न लावता उघडते. म्हणून सांगते, मी फार दमलेय. माझ्यात काही घालू नका, चालेल. फक्त आता घासू नका.