बाईसाहेबांचा फोटो

"हसव की तिला," मालक तिसऱ्यांदा म्हणाले.

फोटोवाला काळ्या कापडाखाली डोकं घालून ताटकळला होता. समोरच्या खुर्चीत बाईसाहेब झालरीचा झगा घालून, ओठ मिटून बसल्या होत्या. सर्कशीतली ही चिंपांझी. पण मालक सोडले तर मास्तरांच्या देखत तिला एकेरीत हाक मारायची कुणाची टाप नव्हती.

मास्तर शेजारीच उभे होते. सायकल चालवणं, चहा ओतणं, लोकांना वाकून नमस्कार करणं, सगळं अकरा वर्षांत त्यांनीच शिकवलेलं.

"त्या हसत नाहीत, मालक."

"दुसऱ्यांच्या पोस्टरवर बत्तीशी दाखवतात ती माकडं. हिचाच कसला रुसवा?"

"ती हसत नाहीत, भ्यालेली असतात. दात दिसले की समजायचं, जीव मुठीत धरून बसलंय."

"लोकांना कुठे कळतंय?"

"मला कळतंय ना."

मालकांनी डोक्यात राख घालून घेतली. कोपऱ्यातली काठी उचलत म्हणाले, "मग मीच हसवतो. आडवा आलास तर उद्यापासून तंबूत पाय टाकायचा नाही."

नोकरीचं एक वेळ जाऊ द्या, पण बाईसाहेब दुसऱ्याच्या हातून पाणीसुद्धा पीत नसत. मास्तर आडवे गेले नाहीत. त्यांनी आपला हात बाईसाहेबांच्या हातात दिला आणि चक्क जांभई दिली.

काठी टेबलावर फाडकन आदळली. फोटोवाला दचकला. बाईसाहेबांनी आधी मास्तरांच्या तोंडाकडे पाहिलं. त्या चेहऱ्यावर दुपारची झोप होती. काठी पुन्हा आदळली. बाईसाहेबांनी मास्तरांचा हात घट्ट धरला, मान ताठ केली आणि मालकांकडे असं रोखून पाहिलं की ज्याचं नाव ते. ओठ मिटलेलेच.

खटका दाबल्याचा आवाज आला.

"हाच छापा, मालक," फोटोवाला बाहेर येत म्हणाला. "दात काय, सगळेच दाखवतात."

मालक पुटपुटत निघून गेले. काठी मात्र तिथेच टाकून गेले.

पंधरा दिवसांनी पोस्टर लागलं. मास्तर बायकोला घेऊन मुद्दाम बघायला गेले. भिंतभर बाईसाहेब, एखाद्या राणीसारख्या. मास्तरांना कापून टाकलं होतं. कडेला उरला होता तो फक्त त्यांचा हात. तरी त्यांची छाती अभिमानानं फुगली.

"दोरखंडात तुटलेलं ते बोट तरी झाकायला सांगायचंत," बायको हळूच म्हणाली.

"दोरखंडात नाही तुटलं." मास्तर पहिल्यांदाच खरं बोलत होते. "पहिल्या वर्षी बाईसाहेब चावल्या. काठी तेव्हा माझ्या हातात होती."

पोस्टरचा एक कोपरा सुटला होता, तो बायकोनं तळहातानं भिंतीला नीट दाबून बसवला.