दस्तगीर अँड पार्टी

पहिल्या खेपेला काय झालं, तर बँड चालायला लागला.

म्हणजे खरंच चालायला लागला! बारामतीच्या पत्र्याच्या सिनेमा थेटरात पडद्यासमोरच्या फळ्यांवर आठ माणसं मायक्रोफोनभोवती उभी केली होती. मुंबईच्या तबकड्या काढणाऱ्या कंपनीचे पेडणेकरसाहेब टेपचं यंत्र घेऊन आलेले. त्यांनी यंत्र सुरू केलं, खूण केली, दस्तगीरनं सॅक्सोफोनला तोंड लावलं, आणि दुसऱ्या ओळीला सगळ्यांचे पाय आपोआप उचलले. बडा ढोल गळ्यात अडकवलेला कुंडलिक सगळ्यांच्या पुढं. तो वाजवत वाजवत फळ्यांवरून उतरला, खुर्च्यांच्या मधल्या वाटेनं निघाला, क्लॅरिनेटवाला त्याच्या मागं, खुळखुळेवाला त्याच्या मागं. पार तिकिटाच्या खिडकीपाशी गेल्यावर कुंडलिकला कळलं की आपण वरातीत नाही.

पेडणेकरांनी यंत्र बंद केलं आणि कपाळाला हात लावला. माणूस भला होता, चिडला नाही. पण त्यानं सकाळीच सांगून ठेवलं होतं. तीन वेळा वाजवा. तीनदा नाही जमलं, तर दुपारी मला सोलापूरला जायचंय, तिथं दुसरा बँड ठरलेला आहे. शिवाय तीनच्या खेळाला थेटर रिकामं करून द्यायचं होतं.

आणि दस्तगीरला ही तबकडी पाहिजे होती. किती पाहिजे होती म्हणून सांगू! अठरा वर्षं त्यानं इंदापूरला रावजी मास्तरांच्या बँडमध्ये वाजवलं. लोक त्याच्या वाद्याला पितळी चिलीम म्हणायचे, पोरं टोरं मागं मागं फिरायची, पण ढोलावर नाव रावजी मास्तरांचं, पत्रिकेत नाव रावजी मास्तरांचं. त्यात रावजी मास्तरांचं काही चुकलं नाही, बँड त्यांचा होता. दोन वर्षांमागं, चोपन्न साली, दस्तगीरनं बारामतीत स्वतःचा बँड काढला. आता पहिल्यांदा तबकडीवर 'दस्तगीर अँड पार्टी' असं छापून येणार होतं, आणि चालही त्याची स्वतःची होती.

ती चाल लग्नात कधीच वाजली नव्हती. नवरी वाटेला लागली, मांडव ओस पडला, की बँडवाले आपली वाद्यं घेऊन पायीच घराकडं निघत. सणसरहून, पणदऱ्याहून, जिथून असेल तिथून. तेव्हा कालव्याच्या कडेनं चालताना दस्तगीर एकटाच काहीतरी वाजवायचा. पुण्याच्या कँपात पलटणीच्या बँडमधल्या एका गोव्याच्या माणसानं त्याला सूर वाकवायला शिकवलं होतं. तो माणूस त्याला जाझ म्हणायचा. दस्तगीरला नावाशी काही घेणं नव्हतं, पण सूर असा सरळ न जाता उसाच्या पानासारखा लवून जातो, हे त्याला फार आवडलं होतं. ऐकणारे सात दमलेले गडी, आणि घर जवळ आलं की शेवटची ओळ दारातून ऐकणारी त्याची बायको जमीला. बस्स. एवढेच.

तर पहिली खेप फुकट गेली. कुंडलिक खजील होऊन म्हणाला, "मास्तर, मला हुबं राहून वाजवायला येतच न्हाय. पाय थांबलं की हात थांबत्यात."

हसू नका, बाकीच्यांचंही तेच होतं. वीस वर्षं चालत वाजवलेली माणसं ती. दस्तगीरनं थोडा विचार केला, मग सगळ्यांना वहाणा काढायला लावल्या. थेटरच्या राखणदाराकडून दोन घोंगड्या आणल्या, घड्या घालून फळ्यांवर अंथरल्या. म्हणाला, चाला की, कोण नको म्हणतंय, पण जागच्या जागी चाला. पेडणेकरांनी कान देऊन बघितलं. पायांचा आवाज येत नव्हता.

दुसरी खेप काय सुरेख लागली म्हणता! आठ माणसं अनवाणी घोंगडीवर पाय उचलतायत, जागचं कुणी हलत नाही, आणि सॅक्सोफोन असा लवतोय की पेडणेकरांची मान डोलायला लागली. तबकडीच्या एका बाजूला तीनच मिनिटं मावायची, त्यातली अडीच झाली. आता अर्धं मिनिट उरलं हे सांगायला पेडणेकरांनी हात वर केला.

आणि बँड थांबला. खाडकन्. आठच्या आठ.

कारण लग्नात बँड आपल्या मनानं कधी थांबतच नाही ना! नवरा मांडवात आला, अक्षता वाटून झाल्या, की घरचं कुणीतरी हात वर करतं आणि मास्तर जिथं असेल तिथं चाल तोडतो. मधेच. चालीला शेवट असतो हे या लोकांना माहीतच नव्हतं. दस्तगीरच्या या चालीलाही शेवट नव्हता, घर आलं की ती थांबायची.

आता एकच खेप उरली. पेडणेकरांनी समजावलं, की हात फक्त संपताना वर होईल, पण त्या वेळी माझे दोन्ही हात यंत्राच्या बटणांवर लागतात, तेव्हा दुसरं कुणीतरी पाहिजे. कुंडलिक म्हणाला, हात घरच्याच माणसाचा पाहिजे. आणि सगळ्यांनी वळून जमीलाकडं बघितलं. ती भाकरीचं गठुडं मांडीवर घेऊन पहिल्या रांगेत बसली होती. पेडणेकरांनी मनगटावरचं घड्याळ काढून तिच्या हातात दिलं. मोठा काटा तीन बारीक रेघा पुढं गेला की हात वर करायचा. ती दोनदा म्हणाली की मला यातलं काही कळत न्हाय, मग पदर सारखा करून घड्याळ दोन्ही हातांत धरून बसली.

तिसरी खेप सुरू झाली. दस्तगीरचे डोळे जमीलावर. चाल वर चढली, वळली, खाली आली. काटा नक्की कुठं आला हे त्याला दिसत नव्हतं, पण अंगातून कळत होतं की वेळ झाली. जमीलाचा हात काही वर होईना. ती घड्याळाकडं बघतच नव्हती. आजवर तिनं ही चाल शेवटच्या ओळीपुरतीच ऐकलेली, तीही लांबून. आज पहिल्यापासून ऐकत होती, आणि ऐकता ऐकता घड्याळ, काटा, रेघा सगळं विसरली होती.

मग दस्तगीरनं स्वतःच ठरवलं. त्यानं सूर हळू केला, कुंडलिककडं मान वळवली, ढोल निवला, आणि एक लांब सूर वाकवत वाकवत त्यानं असा खाली ठेवला, जशी झोपलेली लेक बाजेवर ठेवावी. पाय थांबले. कुणीच हललं नाही.

यंत्र बंद करून पेडणेकर म्हणाले, "मास्तर, शेवट कुठे शिकलात?"

दस्तगीर म्हणाला, "हितंच."

आणि तेव्हा कुठं जमीलाला आठवण झाली, तिनं घाईघाईनं हात वर केला. सगळे इतके हसले की क्लॅरिनेटवाल्याला ठसका लागला. दुसऱ्या बाजूची लग्नाची चाल मग एका दमात झाली. भाकरी पेडणेकरांनीही खाल्ली.

चार महिन्यांनी तबकडी आली. मधोमध लाल कागद, त्यावर नाव. स्टँडवरच्या हॉटेलात दिवसातून दहादा वाजायला लागली. इंदापूरहून रावजी मास्तरांचा निरोप आला, की शेवट बरा केलास. एवढाच निरोप. दस्तगीरनं तो कुंडलिकला तीनदा सांगितला.

मग उन्हाळ्यात एक दिवस डाळजचे सावळाराम तात्या घरी आले. त्यांच्या थोरल्या दोन्ही मुलींच्या लग्नात दस्तगीरनंच वाजवलेलं. आता धाकटीचं होतं. दस्तगीर तारीख विचारायला लागला, तर तात्या मोठ्या कौतुकानं म्हणाले, "अवं मास्तर, औंदा बँडची तसदी न्हाय. भिगवणातनं कर्णा आणलाय, बॅटरीवरचा. तुमचीच तबकडी लावायची हाय. तुमी आन् वहिनी निस्तं जेवायला या."

मनात काही वाईट नव्हतं हो त्यांच्या. उलट मानानं सांगत होते. दस्तगीर म्हणाला, "येतो की तात्या. न येऊन कसं चालंल."

बँडचा लाल कोट खुंटीवर ठेवून, पांढरा सदरा घालून तो जमीलाला घेऊन गेला. तात्यांनी स्वतः हाताला धरून त्याला पहिल्या पंगतीला बसवलं. इतक्या वर्षांत बँडवाला कधी पहिल्या पंगतीला बसलाय? सगळ्यांचं आटोपलं की मांडवामागं जेवायचं, हीच रीत. शेजारचे पाहुणे त्याला वाढप्यांकडून आग्रह करवत होते, आणि वर बाभळीला बांधलेल्या कर्ण्यातून दस्तगीर अँड पार्टी सगळ्या डाळजला ऐकू जात होती. बुंदी गोड झाली होती. त्यालाही बरं वाटत होतं, खोटं कशाला सांगू.

चाल संपली. कर्णेवाला दुसऱ्या टोकाला जेवायला बसला होता. सुई तबकडीच्या मधोमध खरखरत राहिली, पंगतीत बोलणं चालू होतं, कुणाचंच लक्ष नव्हतं.

दस्तगीरनं ताटाला नमस्कार केला, उठला, तांब्यातल्या पाण्यानं हात धुतला आणि धोतराला नीट कोरडा पुसला. मग यंत्रापाशी जाऊन त्यानं दोन बोटांनी सुई उचलली, तबकडीच्या कडेला अलगद ठेवली, आणि चाल धरली गेल्याची खात्री होईपर्यंत तिथंच उभा राहिला.