नवसाच्या बांबूची सावली

मित्रांनो, ज्या साली तोयेब अलीच्या मुलीचं, रहिमाचं लग्न झालं, त्याच साली मी या नावेवर आलो. मी एक जुना सोलर पॅनेल आहे. बांगलादेशातल्या सुनामगंजच्या हाओरात, जिथे निम्मं वर्ष पाणीच पाणी असतं, तिथे तोयेबच्या राहत्या नावेच्या छपरावर माझं आयुष्य गेलं. आम्ही चार भावंडं. नवा जावई कुद्दुस बाजारात सोलरची दुरुस्ती करायचा. त्यानेच आम्हांला छपरावर बसवलं आणि मण्यांसारखं एका माळेत ओवलं.

सुरुवातीची वर्षं सुखाची गेली. दिवे आणि पंखा, एवढंच काम. तोयेबची बायको जयतून सकाळी जुन्या साडीच्या बोळ्याने आमची तोंडं पुसायची. "उठा रे बाबांनो, सूर्य आला, तुम्ही अजून लोळताय," असं म्हणायची.

पुढे चुलीच्या धुराने तिची छाती निकामी झाली. डॉक्टरांनी श्वासाचं मशीन दिलं. आता तिचा श्वास आमच्या विजेवर चालू लागला. मला त्याचा अभिमान वाटे, आणि धाकही.

त्याच सुमारास तोयेबने पीरसाहेबांना नवस केला. हिरव्या झेंड्याचा उंच बांबू त्याने नावेच्या मागच्या टोकाला, माझ्या शेजारीच, उभा केला. नवस फिटेपर्यंत असा बांबू कुणी हलवत नाही. जयतून आजारी, म्हणून नाव घाटालाच बांधलेली. दुपार कलली की बांबूची आणि झेंड्याची सावली नेमकी माझ्या अंगावर पडे.

सावली वीतभरच होती. पण माळेत एक अडला की सगळे अडतात. भावंडांवर लख्ख ऊन असूनही त्यांची वीज माझ्यापाशी येऊन तुंबे. मी आतून भाजत होतो. काचेखाली तपकिरी डाग पडला. तोयेबला वाटलं, आम्ही मळलो. तो आम्हांला घासून घासून धुवायचा. मान वर करून त्याने बांबूकडे मात्र पाहिलं नाही.

मग एका संध्याकाळी अर्धवट भरलेली बॅटरी संपली आणि मशीन टींटीं करत बंद पडलं. जयतूनचे ओठ निळे झाले. तोयेबने शेजारच्या नावेतली बॅटरी धावत आणून जोडली, म्हणून ती वाचली. निरोप मिळताच कुद्दुस आला. छपरावर चढला आणि सावली पाहून जागीच थांबला.

"अब्बा, हा बांबू काढा. हाच वीज खातोय."

"बांबूला हात लावलास तर या नावेवर पुन्हा पाय ठेवू नकोस! तिच्यासाठी उभा केलाय तो."

"आणि तिचाच श्वास अडवतोय!"

"भांडा, भांडा," आतून जयतून धापा टाकत म्हणाली. "मी मेले की सवडीने ठरवा." मग थोडा दम घेऊन तिने विचारलं, "कुद्दुस, बाबा, सावली एकावर पडते ना? मग बाकीचे तिघे का रुसून बसतात?"

"मी त्यांना एका माळेत ओवलंय, अम्मा."

"मग तोड ती माळ. एवढा मोठा हाओर, आणि सावलीला माझंच छप्पर सापडलं!"

कुद्दुस हसला नाही. जाड तारा आणून त्याने आम्हां चौघांना वेगवेगळं बॅटरीपर्यंत नेलं. तोयेब तारा धरून उभा राहिला. त्या दिवसापासून दुपारी मी मंदावलो तरी भावंडं आपलं काम करत राहिली. मशीन पुन्हा बंद पडलं नाही.

आता छपराखाली मशीन नाही. माझ्यावर जाळी वाळत असतात आणि बगळे येऊन बसतात. बोळ्याने कुणी पुसत नाही.

मित्रांनो, तुमच्या घरचं एखादं यंत्र दमलं, तर त्याला घासण्याआधी त्याच्यावर कशाची सावली पडलीय ते बघा. सावली हलवता येत नसेल, तर निदान तिच्यापायी बाकीच्यांना अडकवू नका. आणि आम्हांला अधूनमधून पुसत जा.

माळ तोडली त्याच्या पुढच्या साली, माघ महिन्यात, शुक्रवारी दुपारी जयतून बीबी वारली. मशीन तेव्हा चालू होतं.