जवारी चुकलेलं चित्र

ओरिकूबाईंच्या दाराशी पोचेपर्यंत ओनुईने तीनदा मागे फिरायचा विचार केला. काखेत गुंडाळलेलं चित्र होतं. अकरा वर्षांपूर्वी बाईंनी तिला शामिसेनच्या, म्हणजे तीन तारांच्या त्या वाद्याच्या, शिकवणीतून काढलं, तेव्हा जाता जाता एक कुंचला हातात दिला होता. "तुझी बोटं तारांची नव्हेत. चित्रं काढ," एवढंच म्हणाल्या होत्या. त्याच कुंचल्यावर आज ओनुईचं एडो शहरात पोट भरत होतं, वर चार लोकांत नावही होतं. पण तेव्हा फुरंगटून निघालेली ती आभार मानायला म्हणून कधी फिरकली नव्हती. परवा बाईंचा उजवा हात लुळा पडल्याचं कळलं आणि तिला राहवेना.

बाईंनी चित्र कोनाड्यात टांगायला लावलं. तरुणपणीच्या ओरिकू, मान जराशी कललेली, मांडीवर शामिसेन. त्या बराच वेळ बघत राहिल्या. मग नाक चित्राला लागेल इतक्या पुढे सरकल्या.

"इतकी देखणी मी कधी होते गं?"

"होता, बाई."

"खोटारडी. आणि हे काय? तिन्ही तारा पितळी पट्टीवरून नेल्यास?"

ओनुईच्या तोंडचं पाणी पळालं. जाड तार दांडीच्या वरच्या टोकाला असलेल्या त्या पट्टीच्या बाजूने, थेट दांडीला टेकून जायला हवी. त्या टेकण्यानेच शामिसेनला जवारी येते, सूर झणझणत राहतो. हे तर पहिल्याच दिवशी शिकवतात.

"तीन वर्षं शिकवलं तुला! पालथ्या घड्यावर पाणी. मुकं आहे हे वाद्य, मुकं!" हसता हसता बाईंना ठसका लागला. "पोरीचं वाटोळं तर नाही ना केलं, अशी अकरा वर्षं टोचणी होती मला. आज जीव भांड्यात पडला. बरोबरच हाकललं होतं!"

ओनुईला हसूही आलं आणि रडूही. तिने चटईला कपाळ टेकलं. "फार उपकार झाले तुमचे, बाई. सांगायला उशीर केला मी."

"मग दुरुस्त कर ती तार. कुंचला आहे ना?"

होता, तोच. तिने शिंपल्यांच्या भुकटीच्या पांढऱ्या रंगाची ती चुकलेली रेघ ओल्या कुंचल्याने हलकेच टिपून घेतली आणि पट्टीच्या बाजूने, दांडीला टेकवून पुन्हा ओढली.

"दोंऽऽ," बाईंनी तोंडाने तार छेडली, शिकवताना छेडायच्या तशीच, जवारीसकट. लुळा हात मांडीवर तसाच होता. "हं. आता बोलली. राहू दे ही चित्रातली पोर माझ्याकडे. तुझ्यापेक्षा लवकर शिकेल."