तीन रेघांच्या खाली

मी चिडका माणूस आहे हे आधीच सांगतो. नाहीतरी मंजूषा, म्हणजे माझी बायको, ते येईल त्याला सांगतेच. "आमचे हे फुकटचं काम करतात आणि वर फुकटचं भांडतातही!" खोटं नाही. कारखान्यातून निवृत्त झाल्यापासून भोपाळला अवधपुरीच्या घरात बसून मी लिनक्सच्या कर्नलसाठी, म्हणजे संगणकाच्या अगदी आतल्या गाभ्यासाठी, लोकांनी पाठवलेला कोड तपासतो. माझ्याकडे पडद्यांचं खातं. नव्या पडद्याला आधी वीज द्यायची, मग किती मिलिसेकंद थांबायचं, मग कुठल्या आज्ञा द्यायच्या, हे सांगणारा ड्रायव्हर कुणीतरी लिहितो आणि आमच्या ईमेल यादीवर पाठवतो. मी त्यातल्या चुका काढतो. मी 'ठीक' म्हटल्याशिवाय तो सहसा पुढे सरकत नाही.

फेब्रुवारीत गौरांग वैरागडे नावाच्या मुलाचा ड्रायव्हर आला. भंगारात गेलेल्या बिलिंग मशीनचा सात इंची पडदा. हा कुणाच्या कामाचा, असं मनात आलं, पण काम नेटकं होतं. पहिल्यांदा परत पाठवला ते रास्तच होतं. पडद्याला झोपायची आज्ञा देण्याआधीच हा पठ्ठ्या वीज तोडत होता. दुसऱ्यांदा, थांबण्याचा आकडा कुठून आणला ते लिहिलं नव्हतं. तिसऱ्यांदा वर्णन तोकडं होतं. दर वेळी दोन दिवसांत सुधारून यायचं, शेवटी 'थँक यू सर'. सगळा व्यवहार इंग्रजीत. आडनावावरून वाटलं, नागपूरकडचा असेल. विचारलं नाही. यादीवर आम्ही गावं विचारत नाही.

चौथ्या खेपेला कोडमध्ये काही म्हणजे काही चूक नव्हती. फक्त सुरुवातीला जोडलेल्या फायलींच्या यादीत दोन नावं अकारविल्हे नव्हती, खालचं वर आणि वरचं खाली. कीबोर्डवर दहा सेकंदांचं काम. माझ्याच हाताने केलं असतं तरी चाललं असतं, आमच्यात तशी मुभा आहे. पण शिस्त म्हणजे शिस्त! मी एका ओळीत लिहिलं, 'यादी अकारविल्हे लावा आणि पुन्हा पाठवा', आणि चहा प्यायला उठलो.

आता आमची एक पद्धत सांगायला हवी. अशा प्रत्येक मेलमध्ये वर्णन संपलं की तीन छोट्या रेघा मारतात. त्याखाली लिहिलेलं कर्नलच्या इतिहासात राहत नाही, जोडताना गळून पडतं. मागच्या खेपेपेक्षा काय बदललं, असली टिपणं लोक तिथे लिहितात. मी कधी वाचत नाही. नजर थेट कोडवर. इतकी वर्षं हेच केलं आणि त्याचा तोराही मिरवला.

त्यानंतर पाच आठवडे काही आलं नाही. मंजूषाजवळ मी कुरकुरलोसुद्धा, "आजकालच्या पोरांना दम नाही बघ."

मग एक मेल आला. शमिका वैरागडे, गौरांगची बहीण. तिने उत्तर माझ्या मजकुराच्या खाली न लिहिता वर लिहिलं होतं, जे आमच्यात चालत नाही, आणि खरं सांगतो, आधी मला त्याचाच राग आला. आग लागो माझ्या त्या शिस्तीला. मग वाचलं. गौरांग अकरा एप्रिलला गेला. रक्ताचा कर्करोग. चौथ्या मेलमधलं त्याचं टिपण तुम्ही वाचलं होतं का, एवढंच तिने विचारलं होतं.

मी चौथा मेल उघडला. तीन रेघांच्या खाली होतं:

'सर, सोमवारी मी अ‍ॅडमिट होतोय. पुन्हा लिहायला बसेन असं वाटत नाही. किरकोळ दुरुस्ती असली तर कृपया तुम्हीच करून घ्या. माझ्या आईला ऐकू येत नाही. समोरचा बोलतो ते या पडद्यावर मोठ्या अक्षरांत उमटतं आणि ती वाचते. आत्ता ड्रायव्हर मी हाताने घातलाय, एका अपडेटने पुसला जाईल. तो कर्नलमध्ये गेला तर माझ्यामागे तिला कुणाच्या तोंडाकडे बघावं लागणार नाही. तपासायला पडदा हवा असेल तर तो आमच्या घरी आहे, भोपाळ, मिसरोद.'

मिसरोद! माझ्या स्कूटरवर अर्धा तास. मंजूषाने काय झालं विचारलं, तर मी संगणक तिच्याकडे वळवला.

शमिकाला मेल करून पत्ता घेतला आणि रविवारी सकाळी, घरीच तयार केलेलं मेमरी कार्ड घेऊन गेलो. त्यात गौरांगचा ड्रायव्हर घातलेलं कर्नल होतं. दार शमिकाने उघडलं. कॉलेजातली मुलगी, डोळ्यांखाली काळं.

"या ना काका, आत या. चप्पल राहू द्या." मग हळू आवाजात म्हणाली, "अपडेट मीच दाबलं हो. भैयाचं कर्नल गेलं, कंपनीचं आलं, आणि स्क्रीन एकदम बंद. तेव्हापासून वहीवर लिहून दाखवते. आई वैतागते, मग बोलतच नाही दिवस दिवस."

गौरांगची आई, सुशीलाबाई, स्वयंपाकघरात पोहे करत होत्या. पडदा ओट्याशेजारी भिंतीवर, काळा. मी पडद्यामागच्या छोट्या संगणकातलं कार्ड बदललं, वीज दिली. एक क्षण काही नाही, आणि मग उजळला. एकदा बंद करून पुन्हा लावला. पुन्हा उजळला. त्या मुलाच्या कामात खरोखर काही खोट नव्हती.

सुशीलाबाईंनी गॅस बंद केला, पदराला हात पुसले. "तुम्ही ते नीळकंठ सर ना?" त्या मोठ्याने म्हणाल्या, ऐकू न येणारी माणसं बोलतात तसं. "गौरांगचं कर्नलात जाईल का हो आता?"

"जाईल," मी म्हणालो. पडद्यावर उमटलं, 'जाईल'. "त्याच्याच नावाने जाईल. मी आजच पाठवतो. दोन-तीन महिन्यांत नव्या कर्नलात येईल."

त्यांनी मान हलवली. मग म्हणाल्या, "चौथ्यांदा त्या यादीशिवाय आणखी काय चुकलं होतं त्याचं? हॉस्पिटलात पडल्या पडल्या विचारायचा."

थाप मारता आली असती. पण माझ्या तोंडून निघेल ते तिथे त्याच्याच पडद्यावर दिसणार होतं.

"काही चुकलं नव्हतं," मी म्हणालो. "त्याने खाली चिठ्ठी लिहिली होती. मी ती वाचली नाही."

त्यांनी एकेक शब्दावर बोट ठेवत वाचलं. शमिका खिडकीकडे वळली. सुशीलाबाई माझ्याकडे बघत राहिल्या. रागाने नव्हे, आणि तेच मला सोसेना.

"असं कसं?" त्या म्हणाल्या. "तो तर आम्हाला सांगायचा, सर अक्षर न् अक्षर वाचतात, म्हणून उशीर लागतो."